मदत हवी आहे: बांधाचा समझोता लोकअदालतीत ठेवताना सह्यांचा प्रश्न

दोन चुलत भावांचा बांधाचा वाद तंटामुक्ती समितीसमोर मिटत आलाय. भूमी अभिलेखची मोजणी झाली, हद्दीच्या खुणा दोघांनाही मान्य, कोर्टात दावा नाही. पण प्रकरण मारामारीपर्यंत गेलेलं, त्यामुळे नुसत्या स्टॅम्प पेपरवर सोडायचं नाही. उद्या कुणी शब्द फिरवला तर पुन्हा दावाच लावावा लागेल. म्हणून तालुका विधी सेवा समितीमार्फत दाखलपूर्व प्रकरण म्हणून लोकअदालतीत ठेवतोय. विधी सेवा प्राधिकरण कायदा १९८७, कलम २१ नुसार त्या निवाड्याला दिवाणी हुकूमनाम्याचा दर्जा मिळतो. अडचण एवढीच की सातबाऱ्यावर दोन बहिणींचीही नावं आहेत. त्या परगावी असतात, संमती पूर्ण आहे. तालुक्याला असं प्रकरण मिटवलेल्यांनी सांगावं: नोंदणीकृत कुलमुखत्यारपत्रावर त्यांच्या वतीने सही चालते, की पॅनेलसमोर त्यांनाच यावं लागतं?