आवडती व्हिज्युअल नॉव्हेल ॲनिमेत पाहताना : तुमचे अनुभव

व्हिज्युअल नॉव्हेल हा प्रकार ज्यांनी वाचला नसेल त्यांच्यासाठी आधी थोडेसे. पडद्यावर बहुतांशी स्थिर चित्र असते, खाली मजकुराची चौकट असते, मागे संगीत चालू असते, आणि एक वाक्य वाचून आपण माउस दाबला की पुढचे वाक्य येते. मध्येच दोन-तीन पर्याय समोर येतात आणि आपण निवडू त्याप्रमाणे कथा वळते. तीस-चाळीस तास असे वाचत बसल्यावर त्याच कथेचा ॲनिमे, म्हणजे जपानी ॲनिमेशन मालिका किंवा चित्रपट, पाहायला मिळतो, तेव्हा मात्र आपल्या हाती काहीच उरत नाही. त्या वेळी मनात काय झाले ते सविस्तर लिहावे, अशी विनंती मी केली होती. आलेले अनुभव खाली देत आहे. कथांमधील रहस्ये उघड झाली आहेत, त्यामुळे ज्यांना या मूळ कथा पुढे कधी वाचायच्या असतील त्यांनी जपून वाचावे. सुरुवात माझ्यापासून करतो.

ठाणे

'स्टाइन्स;गेट' ही व्हिज्युअल नॉव्हेल ऑक्टोबर २००९ मध्ये आली आणि व्हाइट फॉक्स या स्टुडिओचा २४ भागांचा ॲनिमे एप्रिल २०११ पासून दाखवला गेला. मी कथा आधी वाचली. २०१० सालच्या उन्हाळ्यात टोकियोतील अकिहाबारा भागात राहणाऱ्या ओकाबे या तरुणाला आणि त्याच्या मित्रांना असा शोध लागतो, की मायक्रोवेव्हला जोडलेल्या फोनवरून भूतकाळात मेल पाठवता येतो. मेल केवळ ३६ बाइटचा, म्हणजे जपानीत जेमतेम अठरा अक्षरांचा. पण तेवढ्यानेही जग बदलते. पुढे मायुरी या त्याच्या बालमैत्रिणीचा जीव वाचवायचा तर पाठवलेला एकेक मेल रद्द करणे भाग पडते.

त्यात फेरिस या मैत्रिणीचा प्रसंग येतो. तिने आपल्या मेलने वडिलांचा मृत्यू टाळलेला असतो, आणि तो मेल रद्द करणे म्हणजे त्या वडिलांना पुन्हा मरू देणे. हे करायचे की नाही, ते मूळ कथेत वाचकावर सोडलेले आहे. मी तेथे सेव्ह करून संगणक बंद केला आणि दोन दिवस तो उघडलाच नाही. तिसऱ्या दिवशी तिचा मेल रद्द करणारा मेल पाठवला, आणि मग कितीतरी वेळ पुढचे वाक्य आणायला बोट धजत नव्हते.

ॲनिमेत ओकाबे तो रद्द करणारा मेल पाठवतो आणि कथा पुढे सरकते. पहिल्यांदा पाहताना मला फार राग आला, कारण जो भार मी उचलला होता तो आता दुसराच कोणी उचलत होता. परंतु तेरावा भाग पुन्हा पाहिल्यावर माझे मत बदलले. मायुरीला वाचवण्याचे प्रयत्न त्या भागात एकामागून एक फसत जातात. वाचताना मी प्रत्येक मृत्यूनंतर थांबू शकत होतो, पाणी पिऊन येऊ शकत होतो. येथे ती सवलत नव्हती, आणि ओकाबेलाही ती नव्हती. त्याची दमछाक मला वाचताना कळली होती, पण अंगावर आली ती पाहताना.

पुणे, जपानी भाषेची विद्यार्थिनी

माझी कथा 'हिगुराशी नो नाकु कोरो नि', ही एक खुनांची भयकथा. हिगुराशी म्हणजे संध्याकाळी ओरडणारा सिकाडा जातीचा एक कीटक. र्युकिशी०७ या लेखकाने २००२ च्या उन्हाळ्यात कॉमिकेट या हौशी प्रकाशनांच्या मेळ्यात तिचा पहिला भाग आणला, चित्रेही स्वतःच काढली. पात्रांचे हात लोकरीचे हातमोजे घातल्यासारखे गोल, पार्श्वभूमीला रंग बदललेली छायाचित्रे, आणि मूळ आवृत्तीत कोणालाही आवाज नाही. या कथेत पर्यायही नाहीत, त्यामुळे निवड हातून गेली असे मला म्हणता येणार नाही. माझे जे गेले ते वेगळेच होते.

शाळेतून परतताना रेना ही मैत्रीण नायक केइइचीला विचारते, की तू आमच्यापासून काही लपवतो आहेस का. तो नाही म्हणतो. त्यावर ती एकच शब्द उच्चारते, 'उसो दा', म्हणजे 'खोटं'. जपानी लिपीत त्याच्या शेवटी छोटा 'त्सु' आहे, आवाज एकदम तोडल्याची ती खूण असते. वर्गात ती खूण मी अनेकदा गिरवली होती, पण तिची भीती वाटली ती त्या रात्रीच. मी तो शब्द मनात दबक्या आवाजात वाचला होता, दात आवळून म्हटल्यासारखा. स्टुडिओ दीनच्या २००६ च्या ॲनिमेत नाकाहारा माई यांनी तो गगनभेदी किंचाळीत म्हटला आहे. अभिनय अप्रतिमच आहे, पण माझी रेना त्या क्षणी गेली. आता मूळ कथा उघडली तरी मला किंचाळीच ऐकू येते.

आणखी एक तक्रार नोंदवते. पहिली कथा ॲनिमेत चार भागांत संपते. मुलांचे पत्त्यांचे डाव, हरणाऱ्याला मिळणाऱ्या शिक्षा, दुपारचे डबे, हे सारे मूळ कथेत इतके लांबते की मी कंटाळले होते. त्या कंटाळ्याचे मोल मला ॲनिमे पाहताना समजले. ज्यांच्याबरोबर दहा दुपारी घालवल्या त्यांच्यावर संशय घेणे कठीण जाते. ज्यांना अर्धा तास पाहिले त्यांच्यावर सहज घेता येतो.

कोल्हापूर

त्याच लेखकाच्या 'उमिनेको नो नाकु कोरो नि' विषयी थोडक्यात लिहितो. मूळ आठ भाग २००७ ते २०१० या काळात आले. ॲनिमे २००९ च्या उत्तरार्धात आला, म्हणजे कथा पूर्ण होण्याआधीच, आणि आपल्या २६ भागांत मूळ कथेचे पहिले चारच भाग घेऊन थांबला. ते चार भाग केवळ कोडे घालणारे आहेत. पुढचा ॲनिमे आलाच नाही. माझ्या धाकट्या भावाने फक्त ॲनिमे पाहिला आहे आणि त्याला ही कथा निरर्थक वाटते. त्याचे मत मला आजही बोचते.

नाशिक जिल्हा

मी 'क्लॅनाड' वाचली तेव्हा माझे आणि वडिलांचे बोलणे बंद होते. 'की' (Key) या कंपनीची ही २००४ ची कथा. तिचा नायक तोमोया याचेही वडिलांशी पटत नाही. इतर पात्रांच्या कथा पूर्ण करून प्रकाशाचे कण जमवल्याशिवाय 'आफ्टर स्टोरी' हा उत्तरार्ध उघडत नाही, म्हणून मला तेथे पोहोचायला तीन महिने लागले. त्या तीन महिन्यांत तोमोयाला आवाज नव्हता. मी वाचलेल्या, नंतर आलेल्या आवाजी आवृत्तीत इतर पात्रे बोलतात, नायकाचे शब्द मात्र आपणच मनात म्हणायचे. ते मी माझ्याच आवाजात म्हणत होतो.

क्योतो ॲनिमेशनचा ॲनिमे पाहायला बसलो आणि पहिल्याच भागात नाकामुरा युइची यांचा आवाज ऐकून मला परके वाटले. शाळेच्या चढणीच्या पायथ्याशी नायिका नागिसा थबकते आणि धीर गोळा करायला 'अनपान' (गोड सारणाचा पाव) असे पुटपुटते, तेव्हाही मी तिच्याकडे न पाहता त्या आवाजाकडेच लक्ष देत होतो. हा परकेपणा जवळजवळ चाळीस भाग टिकला.

'आफ्टर स्टोरी'च्या अठराव्या भागात तोमोया आपल्या लहान मुलीला, उशिओला घेऊन प्रवासाला जातो. फुलांच्या शेतात तिचा खेळण्यातला यंत्रमानव हरवतो आणि ती नवा घ्यायला तयार होत नाही, कारण तो बाबांनी पहिल्यांदा घेऊन दिलेला असतो. त्याच ठिकाणी तोमोयाला आपली आजी भेटते आणि वडिलांनी त्याला एकट्याने कसे वाढवले ते सांगते. वाचताना हा प्रसंग मी भराभर क्लिक करत ओलांडला होता. मला तो ऐकायचा नव्हता, आणि माउस माझ्या हातात होता. ॲनिमेत आजी तिच्या गतीने बोलते, मध्ये थांबते, आणि तोमोया गप्प राहून ऐकतो. मीही ऐकले.

त्या रात्री घरी फोन केला. द्राक्षावरच्या फवारणीबद्दल दहा मिनिटे बोललो, दुसरे काही बोललो नाही.

बंगळूर

'फेट/स्टे नाइट' वाचलेल्यांना एक प्रश्न हमखास विचारला जातो, की पाहायला सुरुवात कोठून करावी. मूळ कथेत हा प्रश्नच उद्भवत नाही, कारण तिन्ही मार्ग, म्हणजे कथेच्या शाखा, ठरलेल्या क्रमानेच उघडतात. ॲनिमेत २००६ ची मालिका पहिल्या मार्गाची, २०१४ ची दुसऱ्याची, आणि २०१७ ते २०२० मधील तीन चित्रपट तिसऱ्याचे. मी मित्रांना कळकळीने वाचायलाच सांगतो, कारण पहिल्या दोन मार्गांत साकुरा ही मुलगी जेवण वाढून बाजूला होते आणि आपण तिच्याकडे लक्ष देत नाही. ती चूक स्वतः केल्यानंतरच तिचा स्वतःचा असा तिसरा मार्ग मनाला भिडतो.

निशी-कासाई, टोकियो

माझा क्रम उलटा झाला. 'स्टाइन्स;गेट'चा ॲनिमे मी भारतात असताना पाहिला होता. येथे नोकरीनिमित्त आल्यावर पहिल्याच रविवारी तोझाई लाइनने कायाबाचो आणि तेथून हिबिया लाइनने अकिहाबारा गाठले. कथेत ज्या रेडिओ काइकानच्या गच्चीत यंत्र घुसते ती जुनी इमारत नंतर पाडली, आणि २०१४ मध्ये त्याच नावाची नवी उभी राहिली. चकाचक काचेसमोर उभे राहून मला हुरहुर लागली, म्हणून मूळ कथा जपानीतून वाचायला घेतली. कांजी, म्हणजे जपानीतील चित्राक्षर, अडते, शब्दकोश उघडावा लागतो, एका संध्याकाळी पाच-सहा पानांएवढेच होते. पण ॲनिमेत निसटलेल्या कितीतरी गोष्टी सापडतात. कुरिसू या तरुण संशोधिकेच्या मेलमधील निळे शब्द निवडून उत्तर देताना तिचा चिडखोरपणा आणि त्यामागची भीती मला आता जास्त कळते.

ठाण्याच्या अनुभवात लिहिलेल्या जागी मी गेल्या आठवड्यात पोहोचलो. पुढे काय होते ते मला ॲनिमेमुळे पूर्ण ठाऊक आहे. फेरिसचा वडिलांना वाचवणारा मेल अजून रद्द केलेला नाही.