झाडीत फिरवायला आखूड नळीची बोल्ट ॲक्शन: .२२३ घेऊ, .२२-२५० घेऊ की अजून काही?

रानवाटा:
नमस्कार मंडळी,
या विषयावर जितकं वाचावं तितका गोंधळ वाढतोय म्हणून शेवटी इथे विचारतोय. मला एक सुटसुटीत, आखूड नळीची बोल्ट ॲक्शन (दर गोळीला हाताने बोल्ट ओढून भरायची) रायफल घ्यायचीय. काम म्हणजे पिकाचा फडशा पाडणारे ससे, बिळं करून जमीन पोखरणाऱ्या खारी आणि कोंबड्या उचलणारा कोल्हा. परवाना रीतसर आहे, या प्राण्यांना मारायची परवानगीही आहे, त्यामुळे तो मुद्दा सोडून बोलू.

सध्या आहे ती २६ इंची जाड नळीची. बाकावर टेकवून मारायला झकास, पण खांद्याला अडकवून झुडपांतून चालायला लागलं की नळीचं टोक प्रत्येक फांदीत अडकतं आणि गाडीतून काढता-घालताना दाराला लागतंच लागतं. माझी अंतरं बहुतेक ५० ते १५० यार्ड, क्वचित २५०, म्हणजे चालणं जास्त आणि गोळ्या कमी असा प्रकार. काडतुसांच्या यादीत .२२३ रेमिंग्टन, .२२-२५० आणि .१७ एचएमआर आहेत. एक ओळखीचे गृहस्थ ठामपणे सांगतात की आखूड नळीला नेम नसतो, २४ च्या खाली जाऊच नको. खरंय का हे? आणि १६ इंची घेतली तर वेग इतका पडतो का की घेण्यात अर्थच नाही? कॅटलॉगमध्ये 'कॉम्पॅक्ट' नावाची मॉडेल दिसतात, तीच बघू का? माझी उंची सहा फूट आहे, हात लांब आहेत, तेवढं धरून सांगा.

नेमाडा:
दादा, पहिल्यांदा त्या गृहस्थांचं म्हणणं बाजूला ठेवा. लांब नळीने गोळीला वेग मिळतो, नेम मिळत नाही. उलट एकाच जाडीच्या दोन नळ्या घेतल्या, एक २४ इंची आणि एक १८ इंची, तर १८ वाली दुपटीहून जास्त ताठ असते, कारण एका टोकाला धरलेली दांडी किती वाकते ते लांबीच्या घनावर जातं. गोळी सुटताना नळी थरथरते ती आखूड नळीत कमीच. हा समज बहुधा उघड्या साइट्सच्या काळातला असावा, तेव्हा पुढची माशी आणि मागची खाच यांत जितकं अंतर जास्त तितका नेम बारीक धरता यायचा. स्कोप लावल्यावर तो हिशोबच उरत नाही.

आता वेगाचं. .२२३ मध्ये ५५ ग्रेनची (ग्रेन म्हणजे गोळी-दारूच्या वजनाचं माप) गोळी २४ इंची नळीतून कंपनीच्या आकड्याप्रमाणे ३२४० फूट पर सेकंदच्या आसपास जाते. नळी एक इंच कमी केली की साधारण २५ ते ४० फूट वेग जातो, काडतूस आणि नळी बघून कमीजास्त. म्हणजे १६ इंचीत तुम्हाला २९५० च्या आसपास मिळणार. कागदावर मोठी घट वाटते, पण २०० यार्डांवर झीरो केलेल्या (म्हणजे त्या अंतरावर गोळी बरोबर नेमावर लागेल असा स्कोप लावलेल्या) दोन्ही रायफली ३०० वर मारून बघितल्या तर खाली पडण्यात फरक येतो दोन इंचांच्या आत. वाऱ्यातही तसंच, ताशी १० मैलांचा आडवा वारा असेल तर तीच गोळी ३०० यार्डांवर लांब नळीतून दहाएक इंच सरकते आणि आखूड नळीतून बाराएक. वारा १० चा आहे की १३ चा हे आपल्याला नजरेने कुठे कळतं? मग त्या दोन इंचांची कशाला काळजी करायची. आणि तुमचं अंतर तर १५० आहे.

पण हे सगळं .२२३ चं झालं. .२२-२५० ला हाच न्याय लावू नका.

दारूगोळा_दत्तू:
नेमाडा यांच्याशी पूर्ण सहमत, आणि .२२-२५० चं मी सांगतो कारण माझं ते अगदी लाडकं काडतूस आहे आणि तरीही तुम्हाला घेऊ नका म्हणणार आहे.

.२२३ मध्ये दारू असते २५ ग्रेनच्या आसपास, .२२-२५० मध्ये पस्तिशीच्या पुढे, आणि दोन्हीकडे भोक मात्र तेच .२२४ इंचाच्या गोळीचं. एवढी दारू एवढ्याशा भोकातून जळून बाहेर पडायला लांबी लागते. २४-२६ इंचीत ५५ ग्रेनला ३६५० च्या वर नेणारं हे काडतूस १६-१८ इंचीत घातलं की जास्तीची दारू नळीबाहेर जळते, तोंडाशी भडका उठतो, संध्याकाळच्या अंधारात डोळे दिपतात आणि कोल्हा पडला की पळाला तेही दिसत नाही. हाती येणारा वेग .२२३ पेक्षा जास्त असतो हे खरं, पण त्यासाठी आवाज, धक्का आणि नळीची झीज सगळं सोसायचं, ते पण १५० यार्डांसाठी. .२२-२५० घ्यायचं तर पूर्ण नळीत घ्या आणि उघड्या माळावर घेऊन बसा.

तसंच .२०४ रुगर, २००४ साली आलं, ३२ ग्रेनची गोळी लांब नळीतून ४२०० च्या वर जाते, अगदी दोरीसारखी सरळ. तेही लांब नळीचंच काम.

आवाजाबद्दल मात्र कळकळीने सांगतो. .२२३ चा आवाज उघड्यावर सुद्धा १६० डेसिबलच्या पुढे असतो आणि कानाला कायमची इजा व्हायला १४० पुरतात. नळी आखूड केली की तोंड तुमच्या कानाच्या तेवढं जवळ येतं. कानाला संरक्षण घातल्याशिवाय एकही गोळी नको, आणि मझल ब्रेक (धक्का कमी करायला तोंडाशी लावतात तो तुकडा) तर लावूच नका, .२२३ ला धक्का असा नसतोच आणि ब्रेक सगळा आवाज मागे फेकतो. जिथे सप्रेसर (तोंडाला लावायचं आवाज दाबणारं नळकांडं) कायद्याने चालतो तिथे तोच खरा उपाय. आखूड नळीची सगळ्यात मोठी सोय मला हीच वाटते, कारण सप्रेसर पुढे सहा-सात इंच वाढवतोच. २४ वर लावला तर तुमची आत्ताची अडचण अजून वाढणार, १६ वर लावला तर एकूण लांबी साध्या रायफलीइतकीच राहते. म्हणून घ्याल ती तोंडाला आटे पाडलेलीच घ्या, आज लावा नाहीतर नंतर.

बिनधास्त_बोरं:
सगळे .२२३ च्या मागे लागलेत म्हणून दुसरी बाजू मांडतो. ससे आणि खारी हेच मुख्य काम असेल तर .१७ एचएमआर का नको? २००२ साली आलं, १७ ग्रेनची इवलीशी गोळी २५५० च्या वेगाने जाते, आवाज कमी, धक्का नाही म्हणा ना, गोळी पडताना स्कोपमध्ये दिसते. रिमफायर (बुडाच्या कडेवर ठोका बसून पेटणारं छोटं काडतूस) असल्यामुळे दारूच थोडी, त्यामुळे १६ इंचीत आणि २० इंचीत फारसा फरक पडत नाही, म्हणजे आखूड नळीला हे जणू बनवलेलंच. रायफलीही हलक्या मिळतात.

नेमाडा:
@बिनधास्त_बोरं, १२५ यार्डांपर्यंत आणि वारा नसताना तुमचं बरोबर. पण १७ ग्रेनची गोळी वाऱ्याला फार ऐकते आणि त्यांच्याकडे कोल्हा आहे. कोल्ह्याला .१७ एचएमआर जवळून, नेमकं डोक्यात किंवा छातीत लागलं तर पुरतं, जरा चुकलं तर जखमी होऊन बिळात जाऊन मरणार. ते आपल्याला नको. मधलं काही हवंच असेल तर .२२ हॉर्नेट बघा, फार जुनं, १९३० च्या सुमाराचं काडतूस, दारू कमी, आवाज .२२३ पेक्षा बराच सौम्य, आखूड नळीत वेग फारसा सांडत नाही आणि १५० पर्यंत कोल्ह्याला पुरेसं. अडचण एकच, काडतुसं .२२३ इतकी सहज आणि इतक्या प्रकारांत मिळत नाहीत. एकच रायफल ठेवायची असेल तर माझं मत .२२३ लाच.

दस्तेवाला:
जरा उशिरा आलो धाग्यावर. काडतुसाचं झालं, आता रायफलीचं बोलतो, कारण 'कॉम्पॅक्ट' या नावाने लोक हमखास फसतात.

बऱ्याच कंपन्यांच्या भाषेत कॉम्पॅक्ट म्हणजे कमी उंचीच्या माणसासाठी दस्ता आखूड केलेली रायफल. उदाहरणार्थ टिका टी३एक्स कॉम्पॅक्ट, नळी २० इंची, ती ठीक, पण दस्त्याची लांबी साडेबारा इंच. नेहमीची असते साडेतेराच्या पुढे. सहा फुटी माणसाने ती खांद्याला लावली की उजव्या हाताचा अंगठा नाकाला टेकतो आणि स्कोप डोळ्याच्या फार जवळ येतो. दस्त्याला जोडायच्या चकत्या मिळतात म्हणा, पण मग आधीच नीट मापाचा घ्यावा. दुकानात जाल तेव्हा ट्रिगरपासून दस्त्याच्या मागच्या टोकापर्यंतचं माप विचारा, डोळे मिटून रायफल खांद्याला लावा, मग डोळे उघडा. स्कोपमध्ये पूर्ण गोल चित्र मान न हलवता दिसलं तर ती तुमच्या मापाची. जाड जॅकेट घालून फिरत असाल तर तेच घालून बघा.

दुसरं, रायफलीची लांबी नुसती नळीने ठरत नाही, ॲक्शननेही (बोल्ट ज्यात मागेपुढे सरकतो तो भाग) ठरते. .२२३ हे छोटं काडतूस, पण टिका सगळ्या काडतुसांना एकाच लांबीची ॲक्शन वापरते. हौवा मिनी या रायफलीची ॲक्शन मुद्दाम या छोट्या काडतुसांसाठी केलेली आहे, नेहमीच्या शॉर्ट ॲक्शनपेक्षाही आखूड, बोल्ट मागे ओढायला इतका थोडा लागतो की खांद्यावरून रायफल न काढता दुसरी गोळी भरता येते. सीझेड ५२७ कार्बाइन पण तशीच, छोटी माउझर ॲक्शन, साडेअठरा इंची नळी, हातात फार गोड बसते. आता बनत नाही, जुनी चांगली मिळाली तर जरूर बघा. दोन गोष्टी माहीत असू द्या, तिची मॅगझिन नेमकी रायफलीच्या तोलावर खाली बाहेर येते त्यामुळे एका हातात धरून चालताना बोटांना टोचते, आणि सेफ्टी उलटी आहे, मागे ओढली की रायफल मारायला तयार. बाकीच्या रायफलींची सवय असेल तर आधी रिकाम्या रायफलीवर हात बसवून घ्या.

नवीन आणि साधी हवी असेल तर रुगर अमेरिकन रँच. नळी १६.१२ इंच, तोंडाला आटे आहेतच, .२२३ मध्ये ट्विस्ट १:८, म्हणजे नळीतल्या खाचा आठ इंचांत एक वेढा घेतात. दस्ता प्लास्टिकचा, जरा पोकळ वाटतो, पण मारते चांगली. हा १६.१२ आकडा का, तर अमेरिकेत १६ इंचांखालच्या नळीच्या रायफलीला १९३४ च्या नॅशनल फायरआर्म्स ॲक्टखाली वेगळी नोंदणी लागते, म्हणून सगळे १६ च्या जरा वर थांबतात. प्रत्येक देशाची मर्यादा वेगळी, ब्रिटनमध्ये नळी ३० सेंटीमीटर आणि एकूण लांबी ६० सेंटीमीटर. आपल्या परवान्यात काय लिहिलंय ते बघून घ्या.

नळीची जाडी विचारलीच नाहीत तुम्ही. चालायचं जास्त आणि मारायच्या चार-पाच गोळ्या असतील तर बारीक किंवा मध्यम नळी पुरे. फक्त बारीक नळी लवकर तापते, पाठोपाठ मारत बसलात की स्कोपसमोर गरम हवेच्या लाटा दिसायला लागतात आणि गोळ्या फाकतात. बिळांच्या वसाहतीवर तासन्‌तास बसायचं काम असेल तेव्हा तुमची ती २६ इंची जाडच काढा, ती विकू नका.

रानवाटा:
मंडळी मनापासून आभार, इतकं नीट कुणी समजावलं नव्हतं. .२२३ पक्कं, .२२-२५० चं खूळ गेलं डोक्यातून. १६ ते १८ मध्ये बघतो, दस्ता मापून घेतो. दोन शंका उरल्यात, ट्विस्ट १:८ म्हणजे जड गोळ्यांसाठी ना, मग ४०-५० ग्रेनच्या हलक्या गोळ्या त्यातून बिघडतील का? आणि झीरो किती यार्डांवर करू?

नेमाडा:
४० ते ५५ ग्रेनच्या प्लास्टिक टोकाच्या गोळ्या १:८ मधून छान जातात. अगदी पातळ कवचाच्या काही जुन्या धाटणीच्या गोळ्या जोरात फिरवल्या की हवेतच फुटतात, पण त्या प्रकारात पाकिटावर वेगाची मर्यादा लिहिलेली असते आणि १६ इंचीत तुमचा वेग तसाही कमीच. उलट १:१२ ची नळी घेतलीत तर ५५ च्या पुढे जाता येणार नाही, लांब गोळ्या डगमगतात. तेव्हा १:८ किंवा १:९ काहीही चालेल. रायफल आणली की तीन-चार प्रकारच्या गोळ्यांची एकेक पाकीट आणून कागदावर मारा, तिला कोणती आवडते ते तीच सांगेल.

झीरो १५० वर करा. मग १०० ला पाऊण-एक इंच वर लागेल, २०० ला दोनेक इंच खाली, २५० ला पाच-सहा इंच खाली. २०० वर झीरो केलं तर १०० ला पावणेदोन इंच वर जातं आणि खारीचं डोकं केवढं असतं ते तुम्हाला माहीतच आहे. अगदी जवळ, वीस-पंचवीस यार्डांवर कोल्हा उभा राहिला तर गोळी नेमाच्या इंचभर खाली लागणार हे लक्षात ठेवा, कारण स्कोप नळीच्या दीडएक इंच वर बसलेला असतो.

दारूगोळा_दत्तू:
त्याच दीड इंचामुळे अजून एक सांगून ठेवतो. गाडीच्या बॉनेटवर किंवा ओंडक्यावर टेकवून मारताना स्कोपमधून समोर सगळं मोकळं दिसतं आणि नळीचं तोंड मात्र खाली पत्र्यासमोर असतं. २६ इंची नळीचं तोंड आपोआप पलीकडे जायचं, १६ इंचीचं जात नाही. घोडा ओढायच्या आधी मान वर करून तोंड कडेच्या बाहेर आलंय का ते डोळ्यांनी बघायचं. आणि गाडीत चढताना चेंबर रिकामी, बोल्ट उघडा, रायफल कितीही छोटी असली तरी.