मदत हवी आहे: बाळांच्या टोप्यांसाठी कुठला धागा घेऊ?

मंडळी, मी वसईची, क्रोशाचा नाद जुनाच, रात्री जेवणं आटपली की टीव्हीसमोर सुई चालूच असते. तर आमच्या चर्चमधल्या सेंट विन्सेंट डी पॉलच्या लोकांनी नाताळच्या आधी गरजू घरांतल्या तान्ह्या बाळांना टोप्या आणि दुपटी द्यायचं ठरवलंय आणि टोप्यांचं काम माझ्या गळ्यात पडलंय (ही संस्था 1833 मध्ये पॅरिसमध्ये कॉलेजच्या पोरांनी काढली होती म्हणे, आमच्याकडे मात्र सगळे रिटायर्ड!).

घरात ॲक्रेलिकचे गोळे ढीगभर पडलेत, धुवायला सोपं, आटत नाही, पण आपल्या दमट हवेत बाळाला घाम येऊन पुरळ उठलं तर? सासूबाई म्हणतात सुतीच घे, पण सुती दोरा ताणत नाही, टोपी एकतर घट्ट होते नाहीतर डोळ्यांवर उतरते. खरी लोकर नकोच, कोणीतरी गरम पाण्यात घालणार आणि आटून बाहुलीची टोपी होणार. मोती-बटणं तर मी आधीच बाद केलीत, तोंडात जातात.

पूर्ण दिवसांच्या बाळाचं डोकं 33-35 सेंमी धरून चालतेय, पण कमी दिवसांच्या बाळाला काय माप घेता? कडेला रिब (ताणली जाणारी उभ्या पट्ट्यांची वीण) घातली तर सुती टोपी नीट बसेल का? मिल्क कॉटन (मऊ मिश्र सुती धागा) कोणी वापरलंय का, धुतल्यावर त्यावर बारीक बारीक गोळे येतात का? आणि होलसेलमध्ये दादरला स्वस्त पडेल की क्रॉफर्ड मार्केटला तेही सांगा प्लीज, बजेट जेमतेमच आहे.