अकरा वर्षांची पावसाची वही किती खरी?

माणदेशी_वही:
दहिवडीजवळ आमची साडेचार एकर. 2014 पासून रोज सकाळी साडेआठला पर्जन्यमापक बघून वहीत मिलिमीटर टाकतो. 2018 पर्यंत वडील टाकायचे, गुडघे गेल्यापासून मी. पहिल्या पाच वर्षांची सरासरी 390 येते, 2024 पर्यंतची अकरा वर्षांची 470. शेततळं काढायचंय, कुठला आकडा धरू? भावकीतला एक जण म्हणतो, पाऊस वाढलाय, ऊस लाव. पटत नाही, पण वही त्याचीच बाजू घेते.

कोरडवाहू:
ऊस नको, हे आधी. 2018 दुष्काळाचं साल, तिथं सरासरी तोडली की पुढचं सगळं वाढलेलंच दिसणार. सरासरी किमान तीस वर्षांची धरतात. देशाच्या मोसमी पावसाला तर हवामान खातं पन्नास वर्षं धरतं: 1961-2010 ची 88 सेंटिमीटर होती, 1971-2020 ची 87. अख्ख्या देशाची सरासरी एका गावाएवढी हलत नाही हे खरं, पण मोसमी पावसाचे कमी-जास्त काळही काही दशकांचे असतात. तुमची अकरा वर्षं त्यातल्या एकातच बसतील.

माझी वहीही थोड्याच वर्षांची. माझ्याकडे तालुक्याची जुनी आकडेवारी आहे, ती जोडीला वापरू का?

निवृत्त_निरीक्षक:
वापरा, पण सरळ उचलू नका. 26 जुलै 2005 ला सांताक्रूझला 944 मिलिमीटर पडला, कुलाब्याला 74. एकाच मुंबईत! त्यामुळे दोघांनी आधी आपल्या वहीच्या वर्षांची बेरीज आणि तालुक्याची त्याच वर्षांची बेरीज शेजारी मांडा. आपली किती पट येते बघा, त्या पटीने तालुक्याची जुनी वर्षं गुणा. आणि तळं सरासरीवर नाही, वाईट सालांवर बेता.

माणदेशी, मला वर्षांपेक्षा वहीची धास्ती जास्त. मापक हलवलंय? जवळ झाड वाढलंय? घरी कुणी नसलं की शून्य लिहिता की जागा मोकळी सोडता? शून्य म्हणजे पाऊस नाही, मोकळी म्हणजे बघितलं नाही. आमच्या खात्यातही नवी पोरं इथंच चुकायची.

माणदेशी_वही:
वही काढून बसलो. वडील दर आषाढात वारीला जायचे. त्या अठरा-वीस दिवसांत पाचही वर्षं सलग शून्यं, एकाच शाईत. परत आल्यावर भरलेली. मी वारीला जात नाही, माझ्या आषाढात पाऊस आहे.

मापकात साठलेलं तरी मोजलं असेल म्हणून आईला विचारलं. ती म्हणाली, "डास व्हायचे रे त्यात. मी तुळशीला घालायचे."