३२ टक्के मतं, ५० पैकी ५० प्रतिनिधी: २०१६ची रिपब्लिकन उमेदवारी मतदारांनी दिली की नियमांनी?

गारठलेला पाहुणा
परवा एका गप्पांत कुणीतरी ठोकून दिलं, '२०१६ला रिपब्लिकन मतदारांनी ट्रम्पना डोक्यावर घेतलं.' मला पटत नाही. डोक्यावर नंतर घेतलं, आधी बाकीच्यांनी एकमेकांचे पाय ओढले.

अध्यक्षपदासाठी पक्षाची उमेदवारी मिळवायला मैदानात १७ जण. पक्षाचे मतदार राज्याराज्यांत मत देतात, त्यावरून प्रतिनिधी वाटले जातात आणि तेच प्रतिनिधी पक्षाच्या अधिवेशनात उमेदवार ठरवतात. पहिल्याच आयोवात टेड क्रूझ जिंकले, २८ टक्के. ट्रम्प २४, मार्को रुबिओ २३. मग साउथ कॅरोलिना. तिथला हिशोब असा, की राज्यात पहिला येईल त्याला २९ प्रतिनिधी आणि सात मतदारसंघांत पहिला येईल त्याला प्रत्येकी ३. ट्रम्प साडेबत्तीस टक्क्यांवर सगळीकडे पहिले. ५० पैकी ५०! रुबिओ आणि क्रूझ मिळून जवळपास ४५ टक्के, पदरात भोपळा. अधिवेशनात उमेदवारीला १२३७ प्रतिनिधी लागत होते, ते असे गोळा झाले. १९ एप्रिलच्या न्यूयॉर्कआधी एकाही राज्यात त्यांनी पन्नाशी गाठली नव्हती. हा कौल म्हणायचा?

तिखटभेळ
म्हणायचा. तुमच्या बेरजेतच खोट आहे. मतं म्हणजे सोसायटीतलं पार्किंग नव्हे, एकाने सोडलं की शेजाऱ्याला मिळेल असं. क्रूझ यांचा मतदार चर्चला जाणारा, वॉशिंग्टनवर खार खाऊन असलेला. रुबिओ गेले म्हणून तो क्रूझकडे आणि क्रूझ गेले म्हणून तो रुबिओंकडे, असं कुठे ठरलं होतं? त्यातला कितीतरी ट्रम्पकडेच गेला असता.

आणि पैशाचं बोला ना. त्या १७ जणांतल्या जेब बुश यांच्या पाठीराख्या सुपर पॅककडे (उमेदवाराच्या प्रचारासाठी बाहेरून हवा तितका पैसा उभारणारी संघटना) १० कोटी डॉलरच्या वर जमले होते. मिळाले प्रतिनिधी ४. चार! साउथ कॅरोलिनाच्या रात्रीच घरी.

पारावरचा
मंडळी, तुमचं भांडण वाचून मला हेवा वाटतोय. आमच्याकडे शेवटच्या दिवशी दुपारपर्यंत एबी फॉर्म कुणाच्या खिशात आहे हेच कळत नाही. नाराज माणूस अपक्ष अर्ज भरतो, मग माघारीच्या तारखेपर्यंत मनधरणी. तिथे निदान साध्या मतदाराला विचारतात तरी.

गारठलेला पाहुणा
पारावरचे, विचारतात, पण प्रश्न कसा मांडायचा हे पक्षच ठरवतो. २०१२ला शेवटी उमेदवार ठरलेल्या रॉम्नी यांना सँटोरम आणि गिंग्रिच या प्रतिस्पर्ध्यांनी एप्रिल उजाडेपर्यंत दमवलं. पुन्हा असं नको म्हणून पक्षाने वेळापत्रक आखडतं घेतलं. १५ मार्चपासून राज्यांना 'पहिल्याला सगळे' करायची मोकळीक होतीच. फ्लोरिडाने त्याच दिवशी मतदान ठेवलं: ट्रम्प ४६ टक्के, प्रतिनिधी ९९ पैकी ९९. रुबिओ स्वतःच्या राज्यात हरून त्याच रात्री बाहेर. खड्डा खणला बाहेरच्यांसाठी, पडले घरचे.

तिखटभेळ
मग इंडियानाचं काय? तोवर तिघंच उरले होते. क्रूझ आणि जॉन केसिक यांनी समझोता जाहीर केला: इंडियाना क्रूझना सोडायचं, ओरेगॉन आणि न्यू मेक्सिको केसिकना. दुसऱ्याच दिवशी केसिक म्हणाले, इंडियानातल्या माझ्या मतदारांनी मत मलाच द्यावं. आपल्याकडची 'मैत्रीपूर्ण लढत' काय वेगळी असते! ३ मेला ट्रम्प ५३ टक्के. क्रूझ त्या रात्री गेले, केसिक दुसऱ्या दिवशी. इथे कोणता नियम आडवा आला?

मक्याच्या शेतातून
मी आयोवात राहतो, १५ जानेवारी २०२४च्या कॉकसचं, म्हणजे पक्षाच्या मतदारांच्या गावोगावच्या सभेत होणाऱ्या मतदानाचं, सांगतो. बाहेर अशी थंडी की गाडीचं दार गोठलेलं. शाळेच्या जिममध्ये घडीच्या खुर्च्या. प्रत्येक उमेदवाराच्या वतीने एकेक गाववाला उठून दोन शब्द बोलला. एक आजी तर 'मला भाषण येत नाही' म्हणून हातातला कागदच वाचून बसल्या. मग कोऱ्या चिठ्ठीवर नाव लिहायचं, चिठ्ठ्या पॉपकॉर्नच्या बादलीत, आणि मोजणी आमच्यासमोर टेबलावर.

राज्यात ट्रम्प ५१ टक्के, त्यांचे प्रतिस्पर्धी डिसँटिस २१, निकी हेली १९. डिसँटिस ९९च्या ९९ काउंट्या फिरले होते. रामस्वामींना ८च्या आत, त्याच रात्री माघार आणि ट्रम्पना पाठिंबा. हेली आणि रामस्वामी भारतीय वंशाचे, म्हणून आमच्या मराठी व्हॉट्सअॅप ग्रुपवर 'आपली माणसं, आपली माणसं' चाललं होतं, चिठ्ठी टाकायला मात्र आम्ही दोनच घरं.

तिखटभेळ
बघा, ५१! आता मतविभागणीचं रडगाणं पुरे.

गारठलेला पाहुणा
२०२४ वेगळं. माजी अध्यक्ष पुन्हा उभा राहिला, पक्षयंत्रणा आधीच त्याची झालेली. तरी न्यू हॅम्पशायरला हेलींनी ४३ टक्के घेतलेच.

तिखटभेळ
अहो, तिथे कुठल्याच पक्षात नाव नसलेल्यांनाही मत देता येतं! ते धरून ४३. नुसत्या रिपब्लिकनांत ट्रम्प कितीतरी पुढे होते. शिवाय बाईंचं स्वतःचं राज्य साउथ कॅरोलिना, तिथे त्या गव्हर्नर होत्या, आणि तिथेच ६०–४०ने हरल्या.

गारठलेला पाहुणा
बरं, इंडियाना तुमचं. २०२४ही घ्या. २०१६चं साउथ कॅरोलिना मात्र मी सोडणार नाही.

पारावरचा
एक शंका. ते ५० प्रतिनिधी पुढे अधिवेशनात फुटू शकतात का? आमच्याकडे पहिला प्रश्न हाच आला असता.

मक्याच्या शेतातून
पहिल्या फेरीत बहुतेकांचे हात नियमाने बांधलेले. दुसरी फेरी झाली तर बरेचसे मोकळे. क्रूझ यांची सगळी मदार त्यावरच होती, राज्याराज्यांत आपली माणसं प्रतिनिधी म्हणून घुसवत होते.

पारावरचा
म्हणजे रिसॉर्ट बुक करायची वेळ थोडक्यात टळली.