एमएचा रिसर्च प्रोजेक्ट पहिल्यांदाच करतेय, सुरुवात कुठनं करू?

नदीकाठची_पोरगी
नमस्कार मंडळी. मी समाजशास्त्रात एमए करतेय, कोल्हापुरातच. ह्या सेमला रिसर्च प्रोजेक्ट आहे आणि खरं सांगायचं तर गृहीतक, नमुना निवड, प्रश्नावली सगळ्याच्या व्याख्या पाठ आहेत पण प्रत्यक्षात करायचं कसं ते कुणी दाखवलंच नाही. विषय घेतलाय "कोल्हापूर जिल्ह्यातील पूरग्रस्तांच्या समस्या : एक समाजशास्त्रीय अभ्यास". गाइड म्हणाले १०० फॉर्म भरून आण, मग बघू. ४२ प्रश्नांचा गूगल फॉर्म केला, स्टेटसला ठेवला, ६३ जणांनी भरला आणि त्यातले निम्मे माझ्याच वर्गातले, ज्यांच्या घरात कधी पाणी शिरलेलं नाही 😅 आमच्या घरात २०१९ ला पण होतं आणि २०२१ ला पण. दोन महिने हातात आहेत. काय करू?

जुना_शोधार्थी
"एक समाजशास्त्रीय अभ्यास" वाचून हसू आलं, माझ्या टायटलला पण हेच शेपूट होतं. पूरग्रस्तांच्या समस्या हा विषय झाला, प्रश्न नव्हे. बारा तालुके, त्यात शिरोळचा पूर वेगळा, शहरातला वेगळा, दोन महिन्यात काय काय बघशील? पंचगंगेच्या राजाराम बंधाऱ्याला ३९ फूट इशारा पातळी आणि ४३ धोका पातळी हे इथं पोराटोरांना पाठ आहे, पावसाळ्यात मोबाईलवर सारखा आकडा फिरत असतो, तरी एक घर ३९ लाच सामान बांधतं आणि शेजारचं पाणी उंबऱ्याला लागेस्तोवर हलत नाही. का? निघायचं हे घरात कोण ठरवतं, कशावरनं ठरवतं? एक गल्ली घे, २०२१ चा एकच पूर घे, बास.
आधीचे पीएचडीचे प्रबंध शोधगंगा ह्या वेबसाइटवर फुकट मिळतात. दहाबाराच वाच, पण प्रत्येकात एवढंच शोध की ह्यानं कुणाला विचारलं आणि कुणाला विचारलंच नाही. इरावती कर्वेंनी कोयनेच्या धरणग्रस्तांचा सर्व्हे केलेला, विद्यापीठाच्या खर्डेकर लायब्ररीत मिळतोय का बघ.

आकडेमोड
एका गल्लीवर कसला रिसर्च? १०० सुद्धा कमी आहेत, फॉर्म्युल्यानं ३८४ सॅम्पल लागतात.

जुना_शोधार्थी
भावा, ते ३८४ येतं ९५ टक्के खात्री आणि ५ टक्के चूक धरून, आणि त्याला अट अशी की सगळ्यांच्या यादीतनं चिठ्ठ्या टाकल्यासारखी माणसं निवडलेली पाहिजेत. स्टेटस बघणारे ३८४ काय आणि ३८४० काय, दोन्ही सारखेच. तिच्याकडं यादीच नाही. एका गल्लीतलं प्रत्येक घर केलं तर सॅम्पलची भानगडच मिटली. आता त्या गल्लीवरनं अख्ख्या जिल्ह्याबद्दल बोलता येणार नाही, ते कबूल.

सर्व्हेवाली_ताई
मी संस्थांसाठी बारा वर्षं फॉर्म भरलेत म्हणून सांगते, हातात कागद आणि गळ्यात आयकार्ड दिसलं की तू तलाठ्याकडची. २०१९ नंतर एका गावात विचारलं पाणी किती आलेलं, आजी म्हणाल्या पार छताला. भिंतीवरची रेघ माझ्या कमरेला. आजी खोटारड्या नव्हत्या गं, त्यांना वाटलं पंचनामा चाललाय आणि कमी सांगितलं तर अनुदान जाईल. म्हणून पहिल्या दिवशी कागद न्यायचाच नाही. आणि तोंडानं स्पष्ट सांगायचं की ह्यातनं पैसे मिळणार नाहीत, तुमचं नाव कुठं येणार नाही, नको वाटलं तर बोलू नका. रेकॉर्डिंग विचारूनच.
दुसरं, "का निघाला नाहीत?" असं कधी विचारू नको, माणसाला वाटतं ही दोष द्यायला आलीय. "त्या दिवशी सकाळपास्नं काय काय झालं सांगा" म्हणायचं आणि गप्प बसायचं. गप्प बसणं सगळ्यात अवघड, मला दोन वर्षं लागली. असंच एकदा गप्प बसले तेव्हा कळलं की म्हशी कुठं बांधायच्या ते ठरल्याशिवाय घर हलतच नव्हतं, आमच्या फॉर्ममध्ये म्हैस हा पर्यायच नव्हता! दारात पुरुष बोलतात, सुनेला वेगळं भेट, दुपारी दोन ते चार, धारेच्या वेळेला तर अजिबात जाऊ नको.
आणि त्याच रात्री लिहून डायरीचे फोटो ड्राइव्हला टाकत जा. एवढे मोठे समाजशास्त्रज्ञ एम. एन. श्रीनिवास, त्यांच्या रामपुरा गावच्या नोंदी १९७० मध्ये स्टॅनफर्डला आगीत जळाल्या, मग आठवणीतनं पुस्तक लिहिलं. ते श्रीनिवास होते म्हणून जमलं.

नदीकाठची_पोरगी
आमचीच गल्ली घेऊ का? सगळे ओळखतात पण.

सर्व्हेवाली_ताई
घे की. फक्त ओळखीची माणसं "तुला म्हाईत हायच की" म्हणून अर्ध्यात सोडतात, तेव्हा म्हणायचं, नाही माहीत, सांगा.

नदीकाठची_पोरगी
काल आईवरच ट्राय केलं. मला इतकी वर्षं वाटायचं २०२१ ला बाबांनी निघायचं ठरवलं. आई म्हणाली, ते झोपलेले, जिन्याच्या तिसऱ्या पायरीला पाणी लागलं आणि भरलेला सिलिंडर मला एकटीला वर नेता येईना तेव्हा मीच उठवलं. मी त्याच घरात होते!! पण गाइडच्या १०० फॉर्मचं काय सांगू?

जुना_शोधार्थी
सांग, गल्लीत घरं किती आहेत आणि त्यातली किती केलीस. किती आहेत?

नदीकाठची_पोरगी
३८. एक कायम कुलूप.