आजीच्या आठवणी लिहिताना

आजीच्या स्मरणलेखात तिच्या श्रद्धेबद्दल किती लिहावं, असं तुम्ही विचारलंत. भरपूर लिहा, पण 'ती फार धार्मिक होती' एवढ्यावर थांबू नका. ती रोज कोणाकोणासाठी प्रार्थना करायची, कोणाला मनापासून माफ केलं, दुःखात देवाशी काय बोलायची, ते येऊ द्या. बायबलमध्येही प्रेषित पौलाने आपला तरुण सहकारी तीमथ्य याला लिहिलेल्या दुसऱ्या पत्रात (अध्याय 1, वचन 5) त्याची आजी लोईस आणि आई युनीके यांच्या निष्कपट विश्वासाची नावानिशी आठवण काढली आहे. तुमच्या आजीच्या बायबलच्या समासात टिपणं असतील तर त्यांचे फोटो आधी काढून ठेवा, शाई पुसट होत जाते. आणि मामा-मावशींशी आत्ताच बोला. आई म्हणून ती कशी होती, हे नातवंडांना सहसा ठाऊकच नसतं.